जनरलसाहेबांसाठी कापलेलं डुक्कर

आमच्या एलेनरोडच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर एक काळा दगड आहे. त्यावर युद्धात गेलेल्या गावच्या माणसांची नावं, आणि सगळ्यात वर, सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत, जनरल फोल्कमार वेंडरोट. पोलंडात लढला, फ्रान्समध्ये लढला, रशियात दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला व्होल्गाकाठी पकडला गेला आणि कैदेत तापानं मेला. त्याच्याबद्दल लिहायला शहरातून माणसं येतात आणि पाद्रीबुवा त्यांना माझ्याकडे पिटाळतात. "लिसबेटबाईंनी जनरलला पाहिलंय," म्हणे. पाहिलंय तर! त्याच्या ताटात सॉसेज वाढलंय मी. पण मी त्यांना सांगते, बाबांनो, जनरल समजून घ्यायचा असेल तर आधी आमचा युस्टुस खाटीक ऐका. की लगेच त्यांना गाडीची वेळ आठवते. खाटकाची कसली आलीय गोष्ट! बरं, जा मग. तुम्ही तरी ऐका.

युस्टुस क्रुमेल माझ्या धाकट्या बहिणीचा, मिनाचा नवरा. माझं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो पहिल्या युद्धात गेला, तेव्हापासून मी त्यांच्याच घरात राहिले. युस्टुस उन्हाळ्यात गवंडी आणि हिवाळ्यात खाटीक. आमच्याकडे खाटकाकडे डुक्कर नेत नाहीत, खाटीकच घरी येतो. थंडी पडली की सुऱ्या चामड्यात गुंडाळून हा दारोदार निघायचा. कच्चा खिमा बोटावर घेऊन चाखायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "अजून एक चिमूट मरवा." बायका चिडवायच्या, "युस्टुस, चाखता चाखता अर्धं डुक्कर तुझ्याच पोटात गेलं की!" तो पोट थोपटून म्हणायचा, "मजुरी आहे ती माझी." हसरा माणूस. मारायच्या आधी डुकराच्या कानामागं खाजवायचा. मला ते बघवायचं नाही, पण जनावर शांत राहायचं.

फोल्कमार आमच्या शाळामास्तरांचा मुलगा. तो आणि युस्टुस एका बाकावरचे. डुक्कर कापलं की त्याची शेपटी कुणाच्या तरी कोटाला गुपचूप अडकवायची, अशी आमच्याकडची जुनी थट्टा. युस्टुसनं ती एकदा खुद्द मास्तरांच्या कोटाला अडकवली. मास्तर तशीच शेपटी हलवत रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला बसले. सगळं गाव फिदीफिदी हसलं. मास्तरांना संशय आला तो स्वतःच्या पोरावर. फोल्कमारनं बापाच्या छड्या खाल्ल्या, पण युस्टुसचं नाव काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून युस्टुसच्या लेखी फोल्कमार म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. त्या एका छडीच्या माराचं व्याज हा जन्मभर देत बसला.

पहिल्या युद्धात दोघं एकाच पलटणीत होते, फोल्कमार लेफ्टनंट आणि युस्टुस स्वयंपाकाच्या गाडीवर. तोफगोळ्यानं मेलेल्या घोड्याचं सॉसेज करून युस्टुसनं खंदकात वाढलं होतं, आणि फोल्कमार म्हणाला होता, "तुझ्या हातचं खाल्लं की घरी गेल्यासारखं वाटतं." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की युस्टुसनं तोंड उघडलं की मिना ते आधीच पुरं करायची. युद्ध हरलो. फोल्कमार सैन्यातच राहिला, बारा-पंधरा वर्षं कॅप्टनच्या वर सरकला नाही. मग नवं सरकार आलं आणि गडी झपाझप चढला. पोलंड झालं तेव्हा जनरल, फ्रान्स झालं तेव्हा छातीवर पदक. वर्तमानपत्रात फोटो आला की त्याची आई, आमच्या मास्तरीणबाई, तो घेऊन घरोघर जायच्या. नवरा कधीच गेलेला, जवळ कुणी नाही, तेवढाच आनंद. आम्हीही मान ताठ करून चालायचो, खोटं कशाला बोलू. आमच्या गावचा जनरल!

रशियात पहिला हिवाळा पडला आणि फोटो यायचे थांबले. फेब्रुवारीत एका दुपारी मास्तरीणबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"युस्टुस, फोल्कमार आलाय."

"काय सांगता! सुट्टीवर?"

"सुट्टीवरच असणार. बोलतोय कुठं काही? खिडकीशी बसतो नि अंगण बघतो. नुसती हाडं उरलीत रे. काल त्याच्यापुढं काय ठेवलं, तर बटाटे आणि ताक. माझा मुलगा जनरल, आणि बटाटे!" म्हातारीचे डोळे भरले.

मिनानं माझ्याकडे पाहिलं. तिनं असं का पाहिलं ते मला ठाऊक होतं. युद्धात प्रत्येक घराला परवान्यानं एकच डुक्कर कापता येई. मांस तपासणारा यायचा, शिक्का मारायचा आणि तेवढं मांस रेशनातून वजा व्हायचं. बिनपरवान्याचं कापणं म्हणजे जनतेच्या तोंडचा घास चोरणं. त्याला तुरुंग होता, आणि मनात आलं तर मानही उडवत. आमचं परवान्याचं डुक्कर नाताळाआधीच झालं होतं. पण लाकडांच्या ढिगामागं, जुन्या शेळीच्या खोपटात, आणखी एक होतं. मोजणीवाल्याला न दिसलेलं. गावात अशी खोपटं बरीच होती. झाकली मूठ.

मास्तरीणबाई गेल्या तशी मिना कडाडली, "युस्टुस, तोंडातून शब्द काढू नकोस. सांगून ठेवते."

"अगं, माझ्या बाकावरचा पोरगा रशियातून आलाय."

"तुझ्या बाकावरचा पोरगा जनरल आहे! त्याला सरकार खाऊ घालतं."

"सरकारला रक्ताचं सॉसेज करता येतं का?" तो हसला, आणि मला कळलं की डुक्कर गेलं.

रविवारी चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा त्यानं ते मारलं. ओरडणं घंटेत बुडालं. मी कोपरापर्यंत हात घालून रक्त ढवळत होते, ते गोठू नये म्हणून. दुपारपर्यंत सॉसेजं कढईत उकळली. मागल्या गल्लीनं मास्तरीणबाई मुलाला घेऊन आल्या. साधा कोट, कानांच्या पाळ्या थंडीनं काळ्या पडलेल्या. युस्टुसनं त्याच्या पाठीत थाप मारली. "काय रे जनरल, विजार सैल झाली की तुझी! तिकडचा आचारी पळाला की काय?" तेव्हा तो जरासा हसला. मुलगा हसला म्हणून म्हातारी रडली. तो जेवला, पुन्हा मागून घेतलं, पुन्हा जेवला. डुक्कर कुठून आलं, हे त्यानं विचारलं नाही. याच गावात वाढलेला माणूस तो. शिक्का कुठं असतो नि कुठं नसतो, हे त्याला न विचारता कळत होतं.

आता कढणाचं सांगते, कारण सगळं तिथंच फिरलं. ज्या पाण्यात सॉसेजं उकळतात त्याचं कढण होतं, वर चरबीचे गोल तवंग, मरव्याचा वास, एखादं फुटलेलं सॉसेज तळाशी. डुक्कर कापलं की हे कढण किटल्या भरभरून शेजारीपाजारी जायलाच हवं. एक घर चुकलं तर दहा वर्षं अबोला. म्हणून युस्टुसनं त्या दिवशी बजावलं, "आज कढण उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मी ते उकिरड्यावर ओतणार आहे."

"उकिरड्यावर? पाप लागेल मेल्या!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "एक किटली मला दे. संध्याकाळी फोल्कमारला होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ती किटली घेऊन समोरच्या डोरेटकडे गेल्या. डोरेटच्या स्वयंपाकघरात मांस तपासणारा चिकरीची कॉफी पीत बसला होता.

"घे गं डोरेट, गरम करून घ्या."

डोरेटचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं नंतर मला सांगितलं, किटली सांडून टाकावी असं मनात आलं होतं तिच्या, पण हात हलेना. त्या माणसानं झाकण उचललं, वास घेतला. या आठवड्यात गावात कुणालाच परवाना नव्हता, ते त्याला पाठ होतं. "मास्तरीणबाई, कुणाकडं कापलं?"

"माझा मुलगा जनरल आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण!

मी पुढं त्यांना विचारलं, अहो, एवढं बजावलं होतं, मग का गेलात? तर म्हणाल्या, "ती किटली डोरेटची होती गं. तिच्याकडं नाताळात कापलं तेव्हा भरून पाठवलेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करू?" मीही रिकामं परत केलं नसतं. आमच्यातल्या कुठल्याच बाईनं केलं नसतं.

गावात कापणारा युस्टुसच, म्हणून संध्याकाळच्या आत पोलीस आला आणि आमच्या माळ्यावर टांगलेली सॉसेजं काढून घेऊन गेला. युस्टुसनं सगळं स्वतःवर घेतलं. म्हणाला, बायका चर्चमध्ये होत्या, मास्तरीणबाईंना मीच कढण दिलं, मांस माझ्यासाठीच होतं. जनरलचं नाव त्यानं घेतलं नाही. पोलिसाबरोबर निघताना मिनाच्या कानाशी म्हणाला, "घाबरू नकोस. फोल्कमार बघून घेईल."

फोल्कमार खिडकीशी बसून अंगण बघत राहिला. मिना दोनदा गेली. "बघतो," म्हणाला. तिसऱ्यांदा गेली तर मास्तरीणबाईंनीच दारात सांगितलं, "तो रानात फिरायला गेलाय." आणि मान खाली घातली.

मे महिन्यात शहरात खटला चालला. एरवी असल्या गुन्ह्याला तुरुंग मिळायचा. शेजारच्या गावातल्या एकाला मिळाला होता, त्यामुळं आम्ही तेवढाच धसका घेतला होता. पण सरकारी वकील म्हणाला, हा धंद्यानं खाटीक, यानं आणखी किती घरी कापलं असेल कुणास ठाऊक. सैनिक आघाडीवर उपाशी, आणि हे इथं चरतायत. मास्तरीणबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "ते माझ्या मुलासाठी होतं! मीच मागितलं!" न्यायाधीश गोड हसून म्हणाला, "वीरमातेला घरी पोचवा." दोघांनी त्यांना धरून बाहेर नेलं. मग त्यानं वाचून दाखवलं. मृत्युदंड.

मिनानं माझा हात धरला. "काय म्हणाला गं तो? मला नीट ऐकू आलं नाही." तिला ऐकू आलं होतं.

दयेचा अर्ज तेवढा उरला. गावानं सह्या केल्या. पाद्रीबुवांनी केली, डोरेटनं केली, सरपंचानंही केली, नंतर तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही. वकील म्हणाला, या सह्यांनी काही व्हायचं नाही, पण वर एका जनरलची सही असेल तर वरच्या साहेबांना थांबून विचार करावा लागेल. वर जागा मोकळी सोडून आम्ही दोघी मास्तरीणबाईंच्या घरी गेलो.

फोल्कमार अंगणात होता. आज गणवेशात. नवी इस्त्री, विजारीच्या कडेला तांबड्या पट्ट्या. मिनानं कागद पुढं केला. "जनरलसाहेब, एवढी सही."

त्यानं सगळा अर्ज वाचला. मग म्हणाला, "मिना, डिसेंबरात माझ्या दोन शिपायांनी कोठारातून पाव चोरले. मी त्यांना गोळ्या घालायच्या हुकमावर सही केली. वीस वर्षांचे होते. आता कुठल्या तोंडानं इथं सही करू?"

"आणि त्या रविवारी कुठल्या तोंडानं खाल्लंत?" मिना म्हणाली. "वर पुन्हा मागून घेतलंत. मी होते तिथं. हिनं वाढलं."

घराच्या दारात मास्तरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी सुट्टीवर नव्हतो," तो हळूच म्हणाला. "मला काढून टाकलं होतं. माणसांचे पाय गोठत होते, मी हुकूम नसताना त्यांना मागं घेतलं. त्याची ही शिक्षा. एलेनरोडला बसून अंगण बघायचं."

बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा! आमचं डुक्कर, आमचं घर, आमचा माणूस गेला तो कुणापायी, तर घरी बसवलेल्या जनरलपायी. मला हसावं की त्याच्या तोंडावर थुंकावं कळेना.

मिना मात्र सरळ विचारत होती. "पाय गोठलेल्या त्या पोरांसाठी हुकूम मोडलात ना? मग युस्टुससाठी एवढं करा."

"ते एकदा जमलं, मिना. काल बोलावणं आलंय. मला पुन्हा डिव्हिजन देतायत. या कागदावर माझं नाव दिसलं तर ते विचारतील, या खाटकाशी जनरलचा काय संबंध? डुक्कर कुणाच्या पोटात गेलं?" त्यानं कागद तिच्या हातात परत दिला. "मला आता पुन्हा त्या खिडकीशी बसवत नाही."

"फोल्कमार, सही कर," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आई, तू आत जा."

"फोल्कमार!"

"आत जा म्हटलं ना!"

जन्मात पहिल्यांदा मिनानं त्याला अरे-तुरे केलं. "युस्टुस अजून तुझी वाट बघतोय रे तिथं," म्हणाली. "रोज बघतोय." तो टोपी घालून आत गेला. दोन दिवसांनी मोटार आली आणि तो दक्षिण रशियाला निघून गेला. तिथं त्याचं पुढं काय झालं ते सगळं पुस्तकांत आहे. हे नाही.

ऑगस्टमध्ये अर्ज फेटाळल्याचं वकिलाकडून कळलं. आम्हाला भेटीची परवानगी मिळाली. युस्टुसला अजून काही सांगितलेलं नव्हतं, आणि आम्ही सांगायचं नाही अशी पहारेकऱ्याची ताकीद होती. जाळीपलीकडं तो उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. त्याचे ते गाल कुठं गेले! पण मिनाला बघून हसला.

"किती वाळलीस गं! घरी कुणी जेवायला घालत नाही का तुला?" मग जाळीला तोंड लावून म्हणाला, "त्यानं सही केली ना?"

मी मिनाच्या पाठीमागं होते. तिचे खांदे मला दिसत होते, चेहरा नाही.

"केली की," ती म्हणाली. "सगळ्यात वर त्याचीच आहे. ही एवढी मोठी."

"बघ!" युस्टुस जाळीवर हात आपटत म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी? तू उगाच त्याला नावं ठेवत होतीस. अगं, मी ओळखतो ना त्याला." आणि मग तो घराच्या छपराचं बोलायला लागला. हिवाळ्याआधी कौलं बघायला हवीत, स्वतः वर चढू नकोस, मी आल्यावर बघेन. पहारेकऱ्यानं वेळ संपली म्हणून सांगितलं तेव्हाही तो कौलांचंच बोलत होता.

बाहेर येऊन मिना म्हणाली, "मी काय करायला हवं होतं गं?" मी म्हटलं, "हेच." त्या रात्री आम्ही शहरात एका विधवेकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुरुंगातून त्याच्या कपड्यांचं गाठोडं मिळालं. प्रेत देत नाहीत म्हणाले. तुरुंगातले पाद्री दारापर्यंत आले, तरुण माणूस, डोळे सुजलेले. मिनानं विचारलं तसं त्यांनी सांगितलं. सांगायला नको होतं. पहाटे न्यायला आले तेव्हा युस्टुस घाबरला नाही, त्याला वाटलं काहीतरी घोटाळा झालाय. "थांबा," म्हणत होता, "कागद नीट बघा, माझ्या अर्जावर जनरलसाहेबांची सही आहे." कॉरिडॉरभर तेच. गिलोटिनच्या खोलीच्या दारात पाय रोवून उभा राहिला आणि ओरडला, "अहो, त्यांना विचारा तरी!"

गाडीत मिनानं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. स्टेशनवरून आम्ही गावात शिरलो, तर मास्तरीणबाई आमच्या फाटकाशी उभ्या. सकाळपासून उभ्या होत्या म्हणे. गाठोडं बघून त्यांना कळलं.

"मिना," त्यांनी तिचा दंड धरला, "शेवटी माझ्या फोल्कमारला शिव्या दिल्या असतील ना गं त्यानं? दिल्या ना? सांग मला."

मला वाटलं, म्हणावं, हो दिल्या, सात पिढ्यांच्या दिल्या. पण मिनानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही हो. शेवटपर्यंत सांगत होता, जनरलसाहेबांची सही आहे, त्यांना विचारा."

मास्तरीणबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या फाटक धरून हळूहळू खाली बसल्या. "शिव्या द्यायच्या होत्या गं त्यानं," म्हणत राहिल्या, "शिव्या तरी द्यायच्या होत्या."

मी उठवायला वाकले, तर मिनानं माझी बाही ओढली.

"चल, लिसबेट," ती म्हणाली. "ऊन आहे तोवर त्याचे कपडे धुऊन टाकू."